नाहीसा झालेला नायक : ड्रूड, भाऊसाहेब आणि रंगो बापूजी

अध्यक्षमहाराज आणि सातारा-सांगलीकडील सुजाण श्रोतेहो,

सातारा आणि सांगली असा जोड उच्चार मी मुद्दाम केला. आज आपण हे दोन जिल्हे वेगळे मानतो. परंतु १९४९ साली ते विभागले गेले तेव्हा त्यांची नावे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी होती, आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले. कृष्णेच्या एकाच काठाने बांधलेल्या या मुलखाला मी आज तीन नाहीशा झालेल्या माणसांची हकीकत सांगणार आहे. त्यांतला पहिला केवळ कादंबरीतला आहे, दुसरा पानिपतावरचा आहे आणि तिसरा याच साताऱ्याचा आहे. तिघांविषयी तर्क पुष्कळ झाले. त्या तर्कांची परीक्षा कशी करावी, हा माझा आजचा विषय आहे.

चार्ल्स डिकन्स हा इंग्रज कादंबरीकार ९ जून १८७० रोजी वारला, तेव्हा त्याची ‘एडविन ड्रूडचे रहस्य’ ही कादंबरी अर्धीच लिहून झाली होती. बारा मासिक भागांत ती पुरी व्हावयाची होती. सहा भाग हाती आले. कथा थोडक्यात अशी, की क्लॉइस्टरहॅम नावाच्या एका जुन्या धर्मक्षेत्री एडविन ड्रूड हा तरुण आपल्या जॉन जॅस्पर नावाच्या मामाकडे येतो. हा मामा तेथील मंदिरातील गायकवृंदाचा प्रमुख, दिसण्यात प्रतिष्ठित, परंतु गुप्तपणे अफूच्या आहारी गेलेला, आणि भाच्याच्या वाग्दत्त वधूवर मनातून आसक्त. नाताळातील एका वादळी रात्रीनंतर एडविन नाहीसा होतो. नदीच्या बंधाऱ्यावर त्याचे घड्याळ आणि सदऱ्याची पिन सापडते. प्रेत सापडत नाही. नेव्हिल लँडलेस नावाच्या, तापट स्वभावाच्या परंतु निरपराध दिसणाऱ्या तरुणावर संशय जातो. पुढे पांढऱ्या केसांचा एक अनोळखी गृहस्थ त्या गावी येऊन बिऱ्हाड करतो आणि जॅस्परवर पाळत ठेवू लागतो. येथे लेखणी थांबते.

मग लोकांनी काय करावे? लोकांनी जे केले ते आज दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एक पक्ष म्हणतो, मामाने भाच्याचा खून केला. डिकन्सचा चरित्रकार आणि जिवलग मित्र फॉर्स्टर याने तसेच लिहून ठेवले आहे, आणि कादंबरीची चित्रे काढणाऱ्या फाइल्ड्सला लेखकाने जॅस्परच्या गळ्यात लांब गळपट्टा दाखवण्याविषयी बजावले होते, कारण त्याच गळपट्ट्याने तो भाच्याचा गळा आवळणार होता. दुसरा पक्ष म्हणतो, खुनाचा प्रयत्न झाला पण साधला नाही. एडविन वाचला, आणि तो पांढऱ्या केसांचा अनोळखी माणूस म्हणजे वेषांतर केलेला एडविनच होय. हे मत रिचर्ड प्रॉक्टर या खगोलशास्त्रज्ञाने १८८७ साली मोठ्या हिरीरीने मांडले. त्या अनोळखी माणसाविषयी तर दुसरी किती तरी मते आहेत. त्यांची जंत्री वाचण्यात मी आपला वेळ घेणार नाही.

माझे मत पहिल्या पक्षाला आहे आणि ते केवळ चरित्रकाराच्या साक्षीवर उभे नाही. एडविन जिवंत आहे असे मानले, तर आपल्याला आणखी एक गोष्ट मानावी लागते. ती अशी, की आपल्या नावाने एक निरपराध माणूस संशयाच्या खाईत होरपळत आहे, आपल्या एके काळच्या वाग्दत्त वधूच्या जिवाला घोर लागला आहे, आणि हे सारे ठाऊक असताना हा तरुण महिनोन्‌महिने तोंड मिटून बसला आहे. एडविन थोडा उथळ आहे, थोडा लाडावलेला आहे. पण डिकन्सने त्याला नीच केलेले नाही. जो तर्क नाहीशा झालेल्या माणसाला मौन पाळावयास लावतो, त्या तर्काला आपण विचारले पाहिजे की हे मौन या माणसाला शोभते काय? श्रोतेहो, ही कसोटी आपण ध्यानात ठेवावी. घड्याळ, पिन, गळपट्टा यांचा पुरावा हवाच. पण ते सर्व तपासून झाल्यावरही एक साक्षीदार उरतो, आणि तो म्हणजे त्या माणसाचा स्वभाव.

जानेवारी १९१४ मध्ये लंडनच्या साहित्यिकांनी जॉन जॅस्परवर लटका खटला भरला. चेस्टरटन न्यायाधीश झाले, बर्नार्ड शॉ पंचांचे प्रमुख झाले, आणि कल्पित माणसाच्या कल्पित गुन्ह्याची कसून उलटतपासणी झाली. मला या योगायोगाचे फार कौतुक वाटते, की जवळजवळ त्याच सुमारास, १९१३ साली, मराठी रंगभूमीवरही एका नाहीशा झालेल्या पुरुषाचा खटला उभा राहिला होता. ते नाटक ‘तोतयाचे बंड’, आणि नाटककार नरसिंह चिंतामण केळकर. १८९६ साली लोकमान्यांनी त्यांना पुण्यास बोलावून घेतले, त्याआधी केळकर याच साताऱ्यात वकिली करत होते. साताऱ्याच्या कचेरीत ज्यांनी साक्षीपुरावे चाळले, त्यांनीच पुढे मराठी इतिहासातला सर्वांत मोठा ‘हा तोच की दुसरा’ असा दावा रंगभूमीवर आणावा, यात मला एक औचित्य दिसते.

आता त्या दाव्याच्या मुळाशी जाऊ. १४ जानेवारी १७६१, बुधवार. पानिपतावर उपाशी मराठी फौज सकाळी छावणीबाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी प्रथम प्रहरी रोहिल्यांची दाणादाण उडवली. दुपारपर्यंत पारडे आपल्याकडे झुकले होते. दुपारनंतर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले. त्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर स्वार होऊन गर्दीत शिरले. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली, आणि फौजेचा धीर सुटला. चिमाजीअप्पांचा हा मुलगा, उदगीरचा विजेता, पेशव्यांच्या दौलतीचा हिशेब मुखोद्गत असणारा कारभारी, वयाने तीस वर्षांचा, त्या गर्दीत शिरला आणि आपल्या माणसांना पुन्हा दिसला नाही.

आपल्या माणसांना दिसला नाही, हे शब्द मी जपून वापरतो. परक्या गोटात त्याला पाहणारे होते. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला त्या दिवशी अब्दालीच्या बाजूने होता आणि त्याच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण कारकून होता. युद्धापूर्वी तहाची जी बोलणी चालली, त्यांत या काशीराजाचा हात होता. युद्धाच्या दिवशी पहाटे भाऊंची शेवटची चिठ्ठी आली ती त्याच्याकडेच. या काशीराजाने पुढे फारसीत हकीकत लिहिली. ती सांगते, की विश्वासरावांचा देह शुजाच्या रदबदलीने मिळाला आणि त्यास अग्नी दिला गेला. त्यानंतर रणांगणावर शोध करता प्रेतांच्या राशीखाली एक शिर नसलेले धड सापडले. त्याच्याजवळ मोती सापडले, म्हणून ते थोराचे असावे असा तर्क झाला. मग ज्यांनी भाऊंना जवळून पाहिले होते त्यांना बोलावले. त्यांनी काय पाहिले? मुजफरखान गारद्याने पूर्वी भाऊंवर कट्यारीचा वार केला होता, त्याचा व्रण अंगावर होता. आणि रोज शेकड्यांनी सूर्याला नमस्कार घालणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि हातांवर जे घट्टे पडतात, ते होते. शिर मागाहून एका शिपायाकडून मिळाले, आणि त्यालाही अग्नी दिला गेला.

श्रोतेहो, घटकाभर या घट्ट्यांपाशी थांबा. मोती कोणाच्याही अंगावर सापडतील. लुटीत ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातात. परंतु वर्षानुवर्षांच्या नित्यनेमाने कातडीवर उमटलेली खूण उसनी आणता येत नाही, आणि ती खूण पुढे खोटे बोलण्यासाठी कोणी आधी तयार करून ठेवत नाही. काशीराजाने ही हकीकत सुमारे वीस वर्षांनी लिहिली, तो शुजाचा चाकर होता, त्याला आपल्या धन्याची उदारता वर्णायची होती, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण शुजाचे औदार्य सांगण्यासाठी घट्टे लागत नाहीत. तो तपशील ज्याने पाहिला किंवा पाहणाऱ्याकडून ऐकला, तोच लिहील.

मग संशय कशाचा राहिला? संशय राहिला तो पुण्यात. धड आणि शिर वेगवेगळे सापडले, ओळखणारे परक्यांच्या छावणीतले, अग्नी देणारे परके. घरच्या एकानेही डोळ्यांनी पाहिले नाही. पानिपताच्या धक्क्याने नानासाहेब पेशवे त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचे निधन मानले नाही आणि अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. १७७४ साली पेशव्यांच्या घरातील गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेले तेव्हा त्यांच्याबरोबर असलेल्या पार्वतीबाई सौभाग्यलेणे ल्यालेल्या होत्या. आपल्या धर्मशास्त्राने यावर एक तोड काढून ठेवली होती. माणूस बेपत्ता झाला, तर बारा वर्षे वाट पाहावी, आणि मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हा काळ सात वर्षांवर आणला. शास्त्र आणि कायदा, दोघांनाही ठाऊक होते की वाट पाहण्याला कोठे तरी हद्द घातल्याविना घर चालत नाही. पार्वतीबाईंनी ती हद्द मानली नाही. त्यांच्या या नकाराला भोळेपणा म्हणणारे मी पाहिले आहेत; मला तो भोळेपणा वाटत नाही. ज्या बाईने रणांगणावरून परतताना वाटेवरच्या प्रत्येक घोडेस्वाराकडे पाहिले असेल, तिने कोणाच्या सांगण्यावरून आपले कपाळ पांढरे करावे?

पण घरातल्या या वाट पाहण्याचा बाहेर बाजार झाला. बुंदेलखंडाकडील सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण मीच भाऊ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत तो पकडला गेला, चौकशी झाली, आणि त्याला कैदेत टाकले. तो कोकणात रत्नागिरीस अटकेत असता १७७६ साली तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्याला सोडवून पुढे केले. पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली आणि तो घाटापर्यंत आला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो कुलाब्याकडे पळाला, तेथे रघूजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्यास धाडले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली.

हे सारे निस्तरणारे कोण होते? नाना फडणीस. पानिपतावर हजर असलेला, रात्रीच्या काळोखात जीव वाचवून पळालेला, त्या धावपळीत आईला अंतरलेला हा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचाही नव्हता. पंधरा वर्षांनी त्याच माणसाला, भाऊ मेले हे पुण्यातल्या लोकांना सिद्ध करून दाखवावे लागले. राज्यकारभाराच्या कोणत्याही पेचाहून हा पेच त्याला अधिक जड गेला असला पाहिजे, असे मला वाटते. कारण जो मेला म्हणून सांगायचे, त्याच्या शेजारी तो स्वतः उभा राहिलेला होता.

आणखी एक तर्क उत्तरेत आहे. हरियाणात रोहतकजवळ सांघी नावाचे गाव आहे; तेथील लोक सांगतात की जखमी भाऊ घोड्यावरून आपल्या गावी आले, नाथपंथी साधू झाले आणि तेथेच काही वर्षांनी त्यांनी देह ठेवला. गावात तशी गादीही आहे. या लोकांना भाऊंपासून मिळवायचे काही नव्हते, म्हणून त्यांच्या कथेबद्दल मला आदर आहे. तोतयाच्या कथेत लोभ होता, सांघीच्या कथेत माया आहे. पण मायेचीही साक्ष तपासावी लागते.

आता ड्रूडला लावलेली कसोटी भाऊंना लावून पाहू. भाऊ जिवंत होते असे क्षणभर धरा. जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले. सोळा वर्षांचा माधवराव गादीवर आला. निजाम पुण्यावर चालून आला. चुलत्यापुतण्यांत उघड लढाई जुंपली. ज्या दौलतीच्या जमाखर्चाचा आकडा न् आकडा भाऊंच्या जिभेवर होता, ती दौलत बुडते की तरते अशा स्थितीत होती. अशा वेळी रोहतकजवळच्या मठात हा पुरुष अंगाला राख फासून स्वस्थ बसला? हट्टी, मानी, कामाला वाघ असलेला, पराभवाची लाज वाटली तरी हिशेब अपुरा न ठेवणारा हा पुरुष? त्याने एक चिठ्ठीही लिहिली नाही? ज्या तर्कात भाऊंना गप्प बसावे लागते, तो तर्क भाऊंना ओळखत नाही. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले, हे माझे निःसंदिग्ध मत आहे.

येथे एक गोष्ट प्रसंगोपात्त सांगून पुढे जातो. केळकरांच्याच वयाचे सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ हे नाटक लिहिले. त्या पेशव्याचा देह सर्वांच्या देखत शनिवारवाड्यात खाली पडला, आणि तरीही उडी की अपघात हा वाद मिटला नाही. देह मिळाला म्हणून रहस्य संपते असे नाही. आपल्या या भागातून आलेल्या दोन्ही बुद्धिमान तरुणांनी पेशवाईतल्या अनिश्चित शेवटांकडे वळावे, याचे कारण मला त्या काळच्या नव्या कागदांत दिसते.

ते कागद कोठून आले? पानिपतच्या काळची पत्रे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना मिळाली ती वाईस, एका जुन्या वाड्यात. त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पटवर्धनांचे दप्तर मिरजेस होते. तेथील हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे शाळा सुटल्यावर ते मोडी रुमाल सोडून बसत आणि त्यांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड त्यांनी काढले. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी तर साताऱ्यातच कागद, चित्रे आणि वस्तू यांचा संग्रहालय होण्याजोगा साठा केला. वाई, मिरज, सातारा. तिन्ही स्थळे आपली आहेत. कादंबरीतल्या ड्रूडविषयी नवा कागद यावयाचा नाही. लेखकाच्या हातून लेखणी गळली तेथे पुरावा संपला. इतिहासातल्या माणसाविषयी मात्र उद्या सकाळीही नवा कागद येऊ शकतो. म्हणून मी आता ज्या माणसाविषयी बोलणार आहे त्याच्याविषयी माझे मत आजचे मत म्हणून ऐकावे.

रंगो बापूजी गुप्ते. सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांचे वकील. १८१९ च्या तहाने प्रतापसिंहांना इंग्रजांनी राज्य दिले, आणि ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्याच इंग्रजांनी त्यांच्यावर राजद्रोहाचे किटाळ आणून त्यांना पदच्युत केले. महाराजांना काशीस पाठवले. त्यांची कैफियत इंग्लंडात मांडण्याचे काम रंगो बापूजींनी अंगावर घेतले आणि १८४० च्या सुमारापासून १८५३ पर्यंत ते लंडनमध्ये राहिले. लोकहो, कल्पना करा. मोडी लिहिणारा, पागोटे बांधणारा एक मराठी कारकून परक्या भाषेत, परक्या थंडीत, कंपनीच्या भागधारकांपुढे उभा राहून आपल्या धन्याचा न्याय मागतो, पत्रके छापतो, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्प्सन यांच्यासारख्या पुढाऱ्यांना आपल्या बाजूला वळवतो, कर्जात बुडतो, पण हलत नाही. मधल्या काळात, १८४७ साली, ज्यांच्यासाठी हे चालले होते ते प्रतापसिंह काशीस वारले. पाठोपाठ, त्यांच्या जागी गादीवर बसवलेले शहाजी १८४८ साली वारले आणि डलहौसीने राज्यच खालसा केले. धनी गेला, राज्य गेले, तरी हा वकील आणखी पाच वर्षे तेथे भांडत होता. वकिलीच्या इतिहासात याला तोड मला माहीत नाही.

१८५३ च्या अखेरीस तो परत निघाला. अर्जविनंत्यांच्या वाटेचा शेवट त्याने स्वतः पाहिला होता. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यास उठावाची मसलत उघडकीस आली. माणसे जमवली गेली होती, खजिना आणि छावणी यांवर घाला घालण्याचा बेत होता. धरपकड सुरू झाली. ऑगस्टात प्रतापसिंहांच्या कुटुंबीयांना उचलून मुंबईकडे नेले आणि पुढे कराचीस ठेवले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. पाच फाशी गेले, सहांना तोफेच्या तोंडी दिले, सहांना गोळ्या घातल्या. या सतरांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप नव्हता. ज्याच्यावर सरकारने इनाम लावले होते तो मुख्य आरोपी हाती लागलाच नाही.

तो अखेर दिसला तो ठाण्यास, जुलै १८५७ च्या आरंभी, नातलगांच्या घरी, असे परंपरा सांगते. पोलिसांचा वेढा पडला तेव्हा म्हाताऱ्या बाईच्या वेषात, काठी टेकत तो निघून गेला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या चौकाला आज त्याचे नाव आहे. त्या चौकातून पुढे तो कोठे गेला?

प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ साली प्रतापसिंह आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा प्रश्न मराठी वाचकांपुढे आहे, आणि त्याची जी उत्तरे संभवतात ती तपासणे हे आपले काम आहे. इंग्रजांनीच त्याला गुपचूप मारले, हे उत्तर मी प्रथम बाजूला ठेवतो. ज्या सरकारने सतरा माणसांना भर माळावर, लोक जमवून मारले, ते मुख्य पुढारी सापडल्यावर त्याला लपवून का मारील? तो सापडला असता तर त्याची दवंडी साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत पिटली गेली असती.

तो उत्तरेस, कानपूरच्या उठावाचे पुढारी नानासाहेब यांच्याकडे गेला, हे दुसरे उत्तर. मनाला ते पटण्यासारखे आहे. पण काळवेळ पाहा. ऐन पावसाळा, नद्या भरलेल्या, घाटांवर पहारे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठाणे सोडणाऱ्या वयस्क माणसाला कानपुरास पोहोचण्यास दीड-दोन महिने लागणार. आणि १७ जुलै रोजीच हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली होती, नानासाहेबांनी विठूर सोडले होते. म्हणजे तो गेलाच असेल, तर कोठे तरी वाटेतल्या फौजेला मिळाला असेल. पुढे १८७४ साली ग्वाल्हेरीस एका माणसाला नानासाहेब समजून पकडले आणि चौकशीअंती तो नव्हे असे ठरले; बेपत्ता पुढाऱ्यांविषयी सरकार इतक्या वर्षांनंतरही इतके जागरूक होते. पण रंगो बापूजी म्हणून कोणी तोतया उभा राहिला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. तोतया उभा राहण्यास मागे गादी लागते, जहागीर लागते, वारसा लागतो. या वकिलाच्या मागे कर्ज आणि फाशी गेलेला मुलगा एवढेच होते. त्याचे नाव घेऊन कोणाला काय मिळणार?

तिसरे उत्तर असे, की तो देशावर किंवा कोकणात आप्तस्वकीयांच्या आश्रयाने लपून राहिला आणि तेथेच वारला. येथे आपली कसोटी पुन्हा लावू. जो चौदा वर्षे बोलत होता, ज्याचे सारे आयुष्य अर्ज, जबानी आणि खलिते यांत गेले, तो पुढे गप्प राहिला. हे मौन त्याला शोभते काय? १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला. ज्यांच्या हातून इंग्रज प्रजाजनांचा खून झाला त्यांना वगळून इतरांना माफी, आणि उठावाच्या पुढाऱ्यांना निदान जीवदान देण्याचे आश्वासन त्यात होते. साताऱ्याच्या मसलतीत इंग्रजाचे रक्त सांडलेच नव्हते. कायद्याचा कीस काढण्यात हयात गेलेला वकील त्या जाहीरनाम्याचे प्रत्येक कलम वाचून, त्यात आपल्या महाराजांच्या कुटुंबीयांसाठी फट शोधून, कोठून तरी एक अर्ज लिहिल्याशिवाय राहिला नसता. स्वतःसाठी नाही, तर कराचीस पडलेल्या त्या कुटुंबासाठी. तसा अर्ज प्रकाशात आलेला नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की १८५८ च्या नोव्हेंबरापर्यंत रंगो बापूजी जिवंत नव्हते. वय उतरलेले, डोक्यावर इनाम, गेंडामाळावर मुलगा गेल्याची वार्ता कानी आलेली. कोकणातल्या किंवा मावळातल्या एखाद्या घरात त्यांनी देह ठेवला असावा, आणि ज्यांनी त्यांना अग्नी दिला त्यांनी तोंड मिटून घेतले. भाऊंच्या बाबतीत जे मौन मला अशक्य वाटते, ते या यजमानांच्या बाबतीत मला अगदी साहजिक वाटते. बोलणे म्हणजे आणखी एक फाशी होती. त्यांनी मुलांनाही सांगितले नसेल. पण आपल्या घरांत माणसे बोलली नाहीत तरी लिहीत असत. क्रियेचा खर्च, भटजीची दक्षिणा, तेराव्याचा शिधा, कोणाच्या नावावर टाकायचा हे न कळून ‘पाहुणे’ म्हणून मांडलेली एखादी नोंद, जमाखर्चाच्या चोपडीत राहून गेली असेल. वाईच्या वाड्यात पानिपत सापडले, मिरजेच्या दप्तरात पटवर्धन सापडले. तसा भोर, महाड, ठाणे किंवा कारीच्या एखाद्या माळ्यावर हा वकील सापडेल.

तेव्हा आपणा सर्वांना माझी एकच विनंती आहे. आपल्या घरी १८५७-५८ सालच्या मोडी चोपड्या, पत्रे, जमाखर्चाचे बंद असतील, तर ते रद्दीत घालू नका आणि पूजेच्या पेटीत कुलूप लावूनही ठेवू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुरालेखागारात मोडी वाचणारे जाणकार आहेत. त्यांना ते दाखवा, छायाचित्रे काढू द्या, मूळ कागद हवे तर परत घरी आणा. सातारच्या या वकिलाने आपल्या राजासाठी चौदा वर्षे परक्या दारात कागद वागवले. त्याच्यासाठी एक कागद शोधण्याचे काम आता आपले आहे. ते या दिवाळीच्या साफसफाईपासूनच सुरू करावे.